पिस्तूल घ्यायचं, पण किल्ली कुणाकडे?

(देवळाली कॅम्प येथे बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मागच्या महिन्यात याच हॉलमध्ये मी कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर बोलले होते. संरक्षण अधिकारी म्हणजे कोण, अर्ज कुठे द्यायचा, राहत्या घरातून बाईला काढता येत नाही याचा अर्थ काय, हे सगळं फळ्यावर लिहून झालं. शेवटी नेहमीसारखं विचारलं, कुणाला काही शंका? मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "ताई, हे सगळं झाल्यानंतरचं झालं. व्हायच्या आधीचं सांगा. मला पिस्तूल घ्यायचंय. पर्समध्ये मावेल असं. कोणतं घेऊ?"

सगळ्याजणी हसल्या. मीही हसले. वेळ झाली होती, 'पुढच्या वेळी बोलू' असं म्हणून मी विषय संपवला. पण रात्री घरी गेल्यावर ते हसणं मला लागलं. कारण ती मुलगी हसली नव्हती.

नंतर मी तिला भेटले. ती अंबडला एका कारखान्यात दुसऱ्या पाळीत असते. कंपनीची गाडी तिला रात्री बाराच्या सुमारास नाशिकरोडला सोडते. तिथून लॅम रोडने कॅम्पपर्यंत ती रिक्षाने येते, मिळाली तर शेअर, नाही तर एकटी. दोन वेळा एक मोटरसायकल मागे लागली होती. वडील तोफखान्यातून निवृत्त झालेले. शस्त्र म्हणजे काय हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तिने सरळ प्रश्न विचारला होता आणि त्याचं सरळ उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी हसले होते.

आपण पुण्या-मुंबईला एम.एस.डब्ल्यू. करतो, त्यात व्यक्तिसहाय्य शिकतो, गटकार्य शिकतो, समुदाय संघटन शिकतो. शस्त्राबद्दल कुणी काही शिकवत नाही. चळवळीतही आपली एक ठरलेली भूमिका असते: बंदूक ही पुरुषांची भाषा, ती आपली नाही. भूमिका चुकीची नाही. पण एवढं म्हणून आपण फाईल बंद करतो, आणि ज्या घरांत आपण भेटीला जातो त्या घरांत बंदूक असते ती असतेच. म्हणून या महिन्यात मी बसून कायदा वाचला, एका वकील मैत्रिणीला त्रास दिला, आणि इथल्याच एका निवृत्त हवालदारांकडे तीन संध्याकाळी गेले. त्यांनी नोकरीभर युनिटमधली हत्यारं दुरुस्त केली. त्यांनी चहा दिला, बायकोलाही शेजारी बसवलं, आणि मला अगदी बालवाडीपासून शिकवलं. ते मी आज तुम्हाला सांगणार आहे.

तोफांचा आवाज आपल्याला नवा नाही. सराव सुरू झाला की भांडी वाजतात, खिडक्या थरथरतात आणि तांदूळ निवडणारी बाई मानही वर करत नाही. पण तोफ सरकारची असते. पर्समधलं पिस्तूल आपलं असतं, आणि तिथून पुढचा सगळा फरक सुरू होतो.

आधी कायदा. आपल्या देशात शस्त्र बाळगणं हा हक्क नाही, परवाना आहे. १९५९चा शस्त्र कायदा आणि २०१६चे शस्त्र नियम, ही दोन कागदपत्रं. वय एकवीस पूर्ण हवं. कॅम्प नाशिक पोलीस आयुक्तालयात येतं, म्हणून आपला अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो; ग्रामीण भागातल्या बहिणींचा जिल्हाधिकाऱ्यांकडे. पोलीस चौकशी होते. जिवाला धोका आहे असं नुसतं म्हणून चालत नाही, तो का आहे ते पटवावं लागतं, आणि 'रात्रपाळीहून एकटी येते' हे कारण टेबलापलीकडच्या माणसाला पटेलच असं नाही. शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो, सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. परवाना पूर्वी तीन वर्षांचा असायचा, २०१९च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांचा झाला. आणि एका माणसाकडे तीन शस्त्रं चालायची ती दोनवर आली. निवडणूक आली की प्रशासन परवानाधारकांना शस्त्र जमा करायला सांगतं. म्हणजे ज्या दिवसांत गावात दारू वाहते आणि रस्त्यावर टोळकी असतात, नेमक्या त्या दिवसांत तुमची पर्स रिकामी!

आता कोणतं घ्यायचं. नऊ मिलिमीटरचं, म्हणजे फौजेचं आणि पोलिसांचं पिस्तूल सर्वसामान्य नागरिकाला मिळत नाही. आपल्या वाट्याला येतो तो पॉइंट बत्तीस बोअर. त्यात सरकारी कारखान्यांचं 'अशनी' हे लहानसं पोलादी पिस्तूल आहे, आणि रिव्हॉल्व्हरही आहेत. त्यातल्या एका रिव्हॉल्व्हरची गोष्ट आपल्याला माहीत असायलाच हवी, कारण ते खास आपल्यासाठी काढलं होतं.

१६ डिसेंबर २०१२ला दिल्लीत त्या मुलीवर बसमध्ये अत्याचार झाला. देशभर बायका रस्त्यावर आल्या, आपणही इथून मोर्च्याला गेलो होतो. पुढे एका वर्षाने, जानेवारी २०१४मध्ये, कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने बायकांसाठी म्हणून एक हलकं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. नाव 'निर्भीक'. ज्या मुलीला आपण 'निर्भया' म्हणत होतो, तिच्या नावावरून. वजन साधारण पाचशे ग्रॅम, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, पर्समध्ये मावणारं. किंमत तेव्हा एक लाख बावीस हजारांच्या पुढे. आणि ते द्यायचे कशात? दागिन्याच्या डबीत! मखमली पेटीत नेकलेस ठेवतात तसं.

मला त्या डबीचा जेवढा राग आला तेवढा रिव्हॉल्व्हरचा आला नाही. मागणी काय होती? रात्री धावणारी बस, रस्त्यावर दिवा, तक्रार लिहून घेणारा पोलीस, वेळेत लागणारा निकाल. त्याऐवजी एक वस्तू मिळाली, तीही सव्वा लाखाची. या सभागृहात बसलेल्या किती जणींच्या गटाची वर्षाची बचत सव्वा लाख आहे? मणिपूरमध्ये बिनालक्ष्मी नेप्राम आणि त्यांच्या सोबतिणी २००७पासून बंदुकीच्या हिंसेत घरचा माणूस गमावलेल्या बायकांना उभं करण्याचं काम करतात. 'निर्भीक'वर जाहीरपणे टीका करणाऱ्यांत त्या होत्या. त्यांचं म्हणणं आपण ऐकायला हवं, कारण बंदुका घरोघर पोचल्या म्हणजे काय होतं हे त्यांच्या भागाने पाहिलं आहे.

पण त्या मुलीने विचारलंय, तर उत्तर द्यायला हवं. हवालदारांनी माझ्या हातात पोलादाचा एक तुकडा दिला, पाऊण किलोच्या आसपासचा. लहान पोलादी पिस्तुलाचं वजन साधारण त्या घरातलं. म्हणाले, हा दिवसभर पर्समध्ये ठेवून फिरा. मी फिरले. संध्याकाळी खांदा दुखला आणि पर्सचा पट्टा उसवला. दुसऱ्या दिवशी तो घरीच ठेवावासा वाटला. ते हसून म्हणाले, "जड म्हणून घरी राहिलेलं हत्यार काय कामाचं? आणि हलकं घेतलंत तर ते हातात जास्त उसळतं." म्हणजे असं आहे: वजन जितकं जास्त तितका बार उडताना बसणारा धक्का कमी, नेम राखायला सोपं. हलकं हत्यार वागवायला सोपं आणि चालवायला अवघड. दुकानदार पहिली गोष्ट सांगतो.

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांतही फरक आहे. पिस्तुलाच्या मुठीत काडतुसांची पट्टी, म्हणजे मॅगझीन असतं, आणि वरचा पोलादी भाग मागे ओढला की पहिलं काडतूस नळीत चढतं. तो भाग ओढायला मनगटात जोर लागतो. आपल्या हाताला तो ओढता येतो की नाही हे न बघता पिस्तूल घेणं म्हणजे न उघडणारी छत्री घेणं. रिव्हॉल्व्हरला ओढायचं काही नसतं, फिरती चकती असते, पण नुसत्या चापावर चालवायचं तर बोटाला बराच जोर लावावा लागतो. कोणतं चांगलं याचं एकच उत्तर नाही. जे हातात नीट बसतं आणि ज्याच्यावर सराव करता येईल ते. आणि सराव हीच मोठी अडचण. परवान्यावर काडतुसं मोजून मिळतात. नाशिकला, पुण्याला, कोल्हापूरला नेमबाजी शिकायची सोय आहे, आपल्या मुली त्यात पुढे आहेत. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्णपदक घेतलं, नेमबाजीत तिथे ते मिळवणारी ती पहिली भारतीय बाई. मुलींना जरूर पाठवा. पण ती मुलगी उजेडात, स्थिर उभी राहून, वर्षानुवर्षं रोज सराव करून नेम धरते. लॅम रोडवर अंधारात, मागून मोटरसायकल आलेली असताना, एका हातात डबा आणि खांद्यावर पर्स, चेन उघडायची, हत्यार काढायचं, खटका सोडायचा. हवालदार म्हणाले, तो दोन पावलांवर आला असेल तर तुम्ही चेनपर्यंतच पोचाल. आणि पर्स हिसकावली तर पिस्तुलासकट गेली.

आता ऐका, हा भाग लिहून घेतलात तरी चालेल, कारण तुम्ही कधी पिस्तूल घेणार नसाल तरी घरात, नातेवाइकाकडे, भेटीला गेलेल्या घरी ते तुमच्या समोर येऊ शकतं. प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं धरायचं, समोरच्याने शपथ घेतली तरी. नळीचं तोंड कुणाकडेही करायचं नाही, थट्टेतसुद्धा. बोट चापावर ठेवायचं नाही. आणि पिस्तुलाबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही. एक काडतूस नळीच्या मुळाशी चढलेलं असू शकतं आणि ते तिथेच राहतं. 'रिकामंच होतं' म्हणत उडालेल्या गोळ्या या एका काडतुसाच्या असतात. आधी मॅगझीन काढायचं, मग वरचा भाग ओढून ते शेवटचं काडतूस बाहेर पाडायचं, मग उजेडात डोळ्यांनी बघायचं, मग करंगळी घालून चाचपायचं. आणि ज्याला हे शिकवलेलं नाही त्याने हात लावायचा नाही. कार्यकर्तीने तर नाहीच. आपली बोटं त्यावर उमटली तर पुराव्याचंही नुकसान. मुलांना बाहेर काढायचं आणि ११२ला फोन करायचा. शिकलेल्या हातांनाही अपघात चुकत नाहीत. इथेच ऑक्टोबर २०२४मध्ये सरावात तोफगोळा फुटून दोन अग्निवीर गेले, ते आपण विसरलेलो नाही.

पावसाळ्याचंही सांगते, कारण ते मला मोठं गमतीचं वाटलं. आपल्या पावसात पोलाद गंजतं आणि घामानेही गंजतं. चामड्याच्या म्यानात ते ठेवून दिलं तर चामडं ओल धरतं आणि आतल्या आत गंज चढतो. म्हणजे तेलाचं फडकं, पुसणं, वाळवणं. हवालदारांची बायको मध्येच म्हणाली, "म्हणजे अजून एक पुसायचं काम बाईलाच." आम्ही तिघंही हसलो.

लपवून नेण्याबद्दल नियम स्पष्ट आहे. सार्वजनिक जागी लहान शस्त्र न्यायचं तर त्यासाठीच्या म्यानात किंवा पिशवीत, अंगाला अडकवलेलं, पूर्ण झाकलेलं, आणि आपल्या ताब्यात. दाखवत फिरणं, धाक म्हणून काढणं गुन्हा आहे. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढले तर २०१९पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याला आहे, तो पूर्वी दंडसंहितेत होता, जुलै २०२४पासून न्याय संहितेत कलम ३४ ते ४४मध्ये आहे. बलात्काराच्या, पळवून नेण्याच्या, अॅसिडच्या हल्ल्यात तो हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर तो बचाव राहत नाही. ते सिद्ध करायला कोर्टाच्या पायऱ्या कुणी चढायच्या, तेही आपल्याला माहीत आहे.

इथवर हवालदारांचं ऐकून मी वही मिटली होती. उठताना सहज विचारलं, "तुम्ही एवढी वर्षं हत्यारांत काढली, निवृत्त झाल्यावर परवाना नाही घेतला?" ते म्हणाले, "मॅडम, घरात कोत नाही."

तुमच्यापैकी फौजी घरातल्यांना कोत म्हणजे काय ते माहीत आहे. इतरांसाठी सांगते: युनिटचं शस्त्रागार. तिथून हत्यार मिळतं ते रजिस्टरवर नंबर लिहून, सही करून. काम झालं की परत, पुन्हा सही. दारावर पहारा असतो, मोजणी होते, एक नग कमी पडला तर सगळं युनिट झोपत नाही. जवान दारू प्यायला, बायकोशी भांडून आला, मन बिघडलेलं आहे, तर त्याच्या हातात ते पडू नये अशी माणसं मध्ये उभी असतात. ज्या फौजेचं कामच बंदुकीचं, ती आपल्या माणसाला बंदूक घरी नेऊ देत नाही. आणि आपण म्हणतो, एक कपाट आणि एक किल्ली पुरे.

ती किल्ली कुणाकडे असते?

आता एक गोष्ट सांगते. ती माझ्या चुकीची आहे. जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका गावची, इथली नाही, आणि ओळख पटेल असं काही मी सांगणार नाही. मी तेव्हा नुकतीच सल्लाकेंद्रात लागले होते. चाळिशीची एक बाई आली. नवऱ्याचा जमिनीच्या खरेदी-विक्रीचा धंदा, हाताशी पैसा, 'जिवाला धोका' म्हणून पिस्तुलाचा परवाना काढलेला. मी विचारलं, मारतो का? ती म्हणाली, "नाही हो ताई. नुसतं ठेवतो." रोज रात्री जेवायला बसताना तो कमरेचं पिस्तूल काढून ताटाशेजारी ठेवायचा, लोणच्याच्या बरणीजवळ. आणि म्हणायचा, जेव. एवढंच. वर्षानुवर्षं. ती कुणाशी फोनवर बोलली, माहेरी जायचं म्हणाली, जमिनीच्या कागदावर सही करायला कां-कूं केलं, की तो बोलायचा नाही. पिस्तुलाचं तोंड बोटाने थोडंसं तिच्या बाजूला फिरवायचा.

आमच्या फॉर्मवर रकाना होता: मारहाण – आहे / नाही. मी 'नाही' वर खूण केली. मानसिक त्रास असं लिहून समुपदेशनाची पुढची तारीख दिली. ती एका पोलीस ठाण्यातही जाऊन आली होती. तिथे तिला सांगितलं की परवाना खरा आहे, पिस्तूल खरं आहे, त्याने रोखलेलं नाही, मग तक्रार कसली? त्यांच्यात आणि माझ्यात त्या दिवशी फार फरक नव्हता.

दीड महिन्याने तिची मुलगी एकटी आली. आदल्या रात्री गोळी सुटली होती. ओट्याखालच्या फरशीत गेली. कुणाला लागली नाही. 'साफ करताना उडाली,' असं तो म्हणत होता. मुलगी म्हणाली, "आई ओट्यासमोर उभी होती."

त्यानंतर मी ज्या गोष्टी शिकले त्या मला आधी माहीत असायला हव्या होत्या. त्या आज तुम्ही इथून घेऊन जा.

आपला २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मारहाणीवर थांबत नाही, धमकी आणि मानसिक छळ हीसुद्धा हिंसाच आहे. ताटाशेजारी ठेवलेलं पिस्तूल ही धमकी आहे, ती अर्जात तशाच शब्दांत लिहायची. तारखा घालायच्या. त्या कायद्याच्या कलम १९मध्ये एक छोटं पोटकलम आहे, जे आपण राहत्या घराच्या हक्कासाठी कलम वाचताना ओलांडून जातो: हिंसा करणार नाही असा बाँड दंडाधिकारी नवऱ्याकडून घेऊ शकतात, आणि तो आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणाखालचा, म्हणजे शांतता राखण्याच्या जामिनाच्या प्रकरणातला मानला जातो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते प्रकरण नववं झालं आहे. आता शस्त्र कायद्याचं कलम ९ उघडा. त्यात लिहिलंय की याच प्रकरणाखाली ज्याच्याकडून असा बाँड घेतला आहे, त्याला त्या बाँडच्या मुदतीत शस्त्र बाळगता येत नाही. दोन वेगळे कायदे, दोन वेगळी कपाटं, पण एकाची किल्ली दुसऱ्याला लागते. माझ्या वकील मैत्रिणीने हे जोडून दाखवलं तेव्हा मी रडले होते, हे कबूल करायला हरकत नाही.

शिवाय शस्त्र कायद्याच्या कलम १७खाली परवाना देणारा अधिकारीच तो निलंबित किंवा रद्द करू शकतो, माणूस परवान्याला लायक नाही असं दिसलं तर किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी. म्हणून तक्रारीची एक प्रत ठाण्यात आणि दुसरी परवाना देणाऱ्या कार्यालयात द्यायची, आणि दोन्हींवर पोच घ्यायची. ठाण्यात अर्ज पडून राहिला तरी दुसरं दार उघडं असतं. २००६च्या नियमांप्रमाणे दंडाधिकाऱ्यांनी लेखी सांगितलं तर संरक्षण अधिकारी पोलिसांच्या मदतीने हिंसेत वापरलेलं हत्यार जप्त करवून घेऊ शकतात. पण दंडाधिकाऱ्यांनी ते सांगण्यासाठी आपण मागितलं पाहिजे. आपल्या छापील अर्जात ती मागणी वेगळ्या ओळीत लिहा, नाही तर ती कुणाच्या लक्षात येत नाही.

हे आपलंच काहीतरी खूळ आहे असं समजू नका. दक्षिण आफ्रिकेत १९९८च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात न्यायाधीशाने शस्त्र जप्त करवण्याची तरतूद थेट लिहिलेली आहे. अमेरिकेत २००३मध्ये जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा शहरांतल्या, जोडीदाराने मारून टाकलेल्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. छळणाऱ्या पुरुषाच्या हाताशी बंदूक असेल तर बाई मारली जाण्याचा धोका पाचपटीच्या घरात जातो, असं त्यात दिसलं. आपल्याकडे घरोघर बंदुका नाहीत, ही आपली नशिबाची गोष्ट. पण आपल्या सरकारच्याच २०१९-२१च्या आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या चौघींपैकी एकीने नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं आहे. आणि बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी बाईच्या ओळखीचा असतो, हे दर वर्षी सरकारी आकड्यांत येतं. पर्समधलं पिस्तूल लॅम रोडवरच्या अनोळखी माणसासाठी असतं. रात्री घरी आल्यावर पर्स खुंटीला लागते.

त्या बाईचं पुढे काय झालं ते सांगते. अर्ज, तारखा, नवऱ्याच्या वकिलाचं 'हे तर नुसतं टेबलावर ठेवणं', सगळं झालं. सात महिन्यांनी बाँड झाला आणि पिस्तूल ठाण्यात जमा झालं. जमा केल्याच्या पावतीची झेरॉक्स तिच्या फाईलमध्ये आहे. ती अजून त्याच घरात राहते. बाँडची मुदत कधी संपते ती तारीख मी माझ्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली आहे. आणि आमच्या केंद्राच्या फॉर्मवर आता चार नवे रकाने आहेत: घरात हत्यार आहे का. परवाना कुणाच्या नावाचा. ते कुठे असतं. किल्ली कुणाकडे. तुमच्या केंद्रांनीही ते घालावेत. तलवार, कोयता, छऱ्याची बंदूक, सगळं विचारा. ते नसलं तर नाही लिहायला एक क्षण लागतो.

आता आपली मुलगी. मी तिच्या घरी गेले आणि हे सगळं तिला सांगितलं. परवान्याची माहितीही दिली, कारण कायद्याने तो मागण्याचा तिला हक्क आहे आणि तिच्याऐवजी ठरवणारी मी कोण? तिने वडिलांच्या लोखंडी कपाटाकडे बघितलं. म्हणाली, ठेवायचं तर इथेच ठेवावं लागेल. मी विचारलं, किल्ली कुणाकडे असते? ती थोडा वेळ गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "दादाकडे." आतल्या खोलीत दादा झोपला होता, दुपारचे चार वाजले होते. मी अजून काही विचारलं नाही.

मग आम्ही दुसऱ्याच गोष्टीवर बोललो. रात्री बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि तिच्या ने-आणीची, सुरक्षिततेची सोय हवी, असं कायदा सांगतो. नाशिकरोडला चौकात सोडणं ही ने-आण नव्हे. तिच्या पाळीत कॅम्प, भगूर आणि संसरी भागातल्या आणखी सहा-सात जणी आहेत. अर्ज तिने स्वतःच्या हाताने लिहिला आहे, अक्षर फार सुंदर आहे तिचं. त्यावर पाच सह्या झाल्या आहेत. येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता आम्ही कंपनीत जाणार आहोत. गटातल्या आणखी तिघी-चौघी आल्या तर बरं होईल. ज्यांना जमेल त्यांनी आत्ता, चहाच्या वेळी, माझ्याकडे नाव द्या.